थडग्यांच्या आडोशाला वाचलेले झुडूप : सॅन फ्रान्सिस्कोचा मॅन्झनिटा

खाडीपल्याड (धागाकर्ती) | शनिवार, सकाळी १०:१५

सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पुलाला जोडणाऱ्या रस्त्यावरून मी गेली अनेक वर्षे ये-जा करते आहे. याच रस्त्याच्या दोन मार्गिकांमधल्या मातीच्या तुकड्यावर एका वनस्पतिजातीचे निसर्गात उरलेले एकमेव झुडूप उभे होते, हे मला फार उशिरा कळले. ते झुडूप आता तेथे नाही. मात्र त्याची कथा इतकी विलक्षण आहे आणि आपल्याकडच्या सड्यांशी व देवरायांशी तिचे इतके नाते जुळते, की ती येथे सविस्तर मांडावी असे वाटले.

या जातीचे नाव फ्रान्सिस्कन मॅन्झनिटा, शास्त्रीय नाव आर्क्टोस्टॅफिलॉस फ्रान्सिस्काना. स्पॅनिश भाषेत ‘मॅन्झनिटा’ म्हणजे छोटे सफरचंद, आणि याची लालसर तपकिरी फळे खरोखरच बाहुलीच्या भातुकलीतल्या सफरचंदांसारखी दिसतात. हे सदाहरित झुडूप उंचीने गुडघ्याच्या किंचित वर जाते आणि जमिनीलगत पसरत राहते. खोडाची साल गुळगुळीत व गडद तांबूस असते. हिवाळ्याच्या अखेरीस त्याला पांढऱ्या-गुलाबी फुलांचे घोस लागतात. प्रत्येक फूल उलटे टांगलेल्या इवल्याशा सुगडासारखे असते आणि पहिला बहरही साधारण आपल्या संक्रांतीनंतरच येतो, म्हणून माझ्या मनात ही उपमा पक्की बसली आहे. हिमालयातला बुरांश ज्या कुळातला आहे त्याच कुळातली ही वनस्पती आहे.

ही जात केवळ सॅन फ्रान्सिस्को शहराच्या हद्दीत सापडत असे. कॅलिफोर्निया अकॅडमी ऑफ सायन्सेसच्या वनस्पतिशास्त्रज्ञ अ‍ॅलिस ईस्टवुड यांनी १९०५ साली तिचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. पुढच्याच वर्षी झालेल्या भूकंपात अकॅडमीची इमारत मोडकळीला आली, तेव्हा आग तेथवर पोचण्यापूर्वी तुटलेल्या जिन्याच्या कठड्याला धरून वर चढत जाऊन सुमारे दीड हजार मूळ नमुने वाचवणाऱ्या त्या याच ईस्टवुड. हे नमुने त्यांनी आधीपासून वेगळ्या कपाटात ठेवले होते, म्हणूनच ते त्या घाईत हाती लागले. (शिस्तीचा उपयोग काय, असे विचारणाऱ्या माझ्या मुलाला मी हा प्रसंग अनेकदा ऐकवला आहे.)

मॅन्झनिटाचे घर म्हणजे सर्पेंटाइन नावाचा हिरवट, सापाच्या कातडीसारखा चकाकणारा खडक. या खडकाच्या मातीत कॅल्शियम, नत्र आणि स्फुरद अगदी कमी, तर मॅग्नेशियम, निकेल आणि क्रोमियम भरपूर. बहुतेक झाडांना ही माती विषासमान ठरते, आणि म्हणूनच ती सोसू शकणाऱ्या मोजक्या वनस्पतींना तेथे स्पर्धा उरत नाही. खालून कातळ, वरून समुद्री वारा आणि उन्हाळाभर धुके, अशा परिस्थितीत ही जात घडली.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिची माहीत असलेली ठिकाणे मोजकीच होती : लॉरेल हिल आणि मेसॉनिक या दोन दफनभूमी, आणि माउंट डेव्हिडसन ही टेकडी. भोवती शहर झपाट्याने वाढत होते, वाळूच्या टेकड्या सपाट होत होत्या, परंतु थडग्यांमधल्या खडकाळ उतारांवर कुणी नांगर फिरवला नाही की घर बांधले नाही. मृतांच्या शेजारी मॅन्झनिटा सुरक्षित राहिला.

मात्र जमिनीचा भाव वाढला, तेव्हा मृतांनाही उठावे लागले. शहराने आधी हद्दीतल्या नव्या दफनांवर बंदी घातली आणि १९३० च्या दशकाच्या अखेरीस लॉरेल हिलमधले ३०,००० हून अधिक मृतांचे अवशेष दक्षिणेकडील कोल्मा गावी हलवण्याचे काम सुरू झाले. त्यानंतर तेथे यंत्रे आली. १९४७ नंतर फ्रान्सिस्कन मॅन्झनिटा निसर्गात कुणाला दिसला नाही. जेम्स रूफ यांच्यासारख्या जाणकारांनी यंत्रे पोचण्यापूर्वी काही रोपे आणि फांद्या काढून बर्कलीच्या टेकड्यांवरील टिल्डन येथील वनस्पती उद्यानात नेल्या, आणि पुढची साठ वर्षे ही जात केवळ उद्यानांत जिवंत राहिली.

ऑक्टोबर २००९ मध्ये डॅनियल ग्लूसेनकॅम्प हे वनस्पतिशास्त्रज्ञ हवामानबदलावरील एका परिषदेहून मोटारीने परतत होते. पुलाकडे जाणारा डॉयल ड्राइव्ह हा जुना रस्ता नव्याने बांधण्यासाठी तेथली झाडे-झुडपे नुकतीच तोडली होती. इतकी वर्षे त्या झाडोऱ्याने झाकलेले एक पसरट झुडूप आता उघडे पडले होते आणि धावत्या गाडीतून ग्लूसेनकॅम्प यांच्या नजरेने ते टिपले. तपासणीअंती तो फ्रान्सिस्कन मॅन्झनिटाच असल्याचे सिद्ध झाले. रस्त्याचे काम थांबण्याची शक्यता नव्हती, म्हणून २३ जानेवारी २०१० रोजी ते झुडूप मुळांभोवतीच्या मातीच्या प्रचंड गड्ड्यासह, म्हणजे साडेनऊ टनांच्या आसपास वजनासह, क्रेनने उचलून ट्रकवर चढवले गेले आणि प्रेसिडिओ या जुन्या लष्करी तळाच्या परिसरात एका अज्ञात ठिकाणी लावले गेले. सप्टेंबर २०१२ मध्ये या जातीला केंद्रीय कायद्याखाली ‘संकटग्रस्त’ दर्जा मिळाला आणि डिसेंबर २०१३ मध्ये शहरातली सुमारे २३० एकर जमीन तिच्यासाठी महत्त्वाचा अधिवास म्हणून घोषित झाली.

माझा प्रश्न असा आहे : ज्या भूमीवर ती वनस्पती घडली ती भूमीच नाहीशी झाली असेल, तर झुडूप वाचले म्हणजे नेमके काय वाचले?

---

शंकासुर | शनिवार, दुपारी १२:०२

लेख आवडला, परंतु एक हिशेब आपण वगळला आहे. त्या एका झुडपाचे स्थलांतर आणि पुढील अनेक वर्षांची देखभाल यांचा खर्च सुमारे दोन लाख डॉलर ठरला होता आणि त्यावर त्या काळी अमेरिकी वृत्तवाहिन्यांनी बरीच टीका केली होती. हीच जात रोपवाटिकांमध्ये पंधरा-वीस डॉलरला मिळत होती, हेही त्यांनी आवर्जून सांगितले. ज्या जातीचे रोप कुणीही विकत घेऊन अंगणात लावू शकतो, तिला ‘नामशेष होण्याच्या उंबरठ्यावर’ म्हणणे मला पटत नाही. हा पैसा एखादे सबंध गवताळ माळरान विकत घेण्यासाठी वापरता आला नसता का? मी हे कुत्सितपणे विचारत नाही. निसर्गरक्षणाचा पैसा नेहमीच तुटपुंजा असतो, म्हणून विचारतो.

---

खाडीपल्याड | शनिवार, दुपारी १:३०

शंकासुर, हिशेब मुद्दामच मागे ठेवला होता, कारण तो मांडला की चर्चा तेवढ्याच भोवती फिरते. तरीही आपला प्रश्न रास्त आहे.

रोपवाटिकेतली रोपे लॉरेल हिलहून वाचवलेल्या मोजक्या झाडांच्या फांद्यांपासून पिढ्यानपिढ्या केलेली आहेत. म्हणजे दुकानात शंभर रोपे असली तरी आनुवंशिकदृष्ट्या ती दोन-चार झाडांच्या नकला असतात. शिवाय उद्यानात शेजारी इतर जातींचे मॅन्झनिटा असतात आणि ही मंडळी एकमेकांशी सहज संकर करतात, त्यामुळे उद्यानातल्या झाडाच्या बियांपासून आलेले रोप शुद्ध असेलच याची खात्री देता येत नाही. डॉयल ड्राइव्हवरचे झुडूप हे दफनभूमीबाहेरचे एक स्वतंत्र झाड होते. त्याच्यामुळे या जातीच्या जनुकांच्या थैलीत एका नव्या नाण्याची भर पडली, आणि ज्या थैलीत मुळात चार-पाच नाणी आहेत तेथे एका नाण्याचे मोल फार असते.

खर्चाबाबत आणखी एक गोष्ट. तो खर्च एका फार मोठ्या रस्तेबांधणी प्रकल्पाचा भाग होता. ते पैसे माळरान खरेदीसाठी उपलब्ध होते आणि झुडपाने पळवले, असे नव्हते. ते झाड तेथे नसते तर तेवढा डांबराचा खर्च वाचला असता, इतकेच.

---

सडेकर | शनिवार, सायंकाळी ६:४५

सर्पेंटाइनचे वर्णन वाचताना माझ्या डोळ्यांसमोर सतत रत्नागिरीचा सडा येत होता. खडक वेगळा आहे. आमचा जांभा लोह आणि अ‍ॅल्युमिनियमचा, तुमचा तो मॅग्नेशियमचा. परंतु न्याय एकच. ज्या जमिनीत शेतकऱ्याचे काही पिकत नाही, तेथेच अन्यत्र कोठेही न आढळणाऱ्या वनस्पती नांदतात. जांभ्यावर पावसाळ्याचे चार महिने इंचभर मातीत सीतेची आसवे, दीपकाडी आणि तऱ्हेतऱ्हेचे गेंद उगवतात आणि दिवाळीनंतर तोच सडा उघडाबोडका, काळा ठिक्कर दिसतो. उन्हाळ्यात पाहणी करायला आलेल्या माणसाला तेथे जपण्यासारखे काहीच दिसत नाही.

सातबाऱ्यावर या जमिनीची नोंद ‘पोटखराबा’ किंवा ‘पडीक’ अशी असते आणि माझ्या मते सगळ्या अनर्थाचे मूळ या एका शब्दात आहे. पडीक म्हटले की ती कशासाठी तरी ‘उपयोगात आणली’ पाहिजे असा विचार ओघाने येतो. मग चिऱ्याची खाण, आंब्याची कलमे लावण्यासाठी सुरुंगाने फोडलेले खड्डे, बंगल्यांचे भूखंड, आणि तेही नाही जमले तर ‘वृक्षारोपण’. जेथे कधीच वृक्ष नव्हते तेथे विदेशी बाभूळ लावून हिरवाई केल्याचा आनंद आपण साजरा करतो.

कास पठाराचा २०१२ साली पश्चिम घाटासोबत जागतिक वारसा यादीत समावेश झाला, त्यामुळे लोकांना निदान एक सडा ठाऊक झाला. बाकीच्यांना नावेही नाहीत.

---

खाडीपल्याड | शनिवार, रात्री ९:१०

सडेकर, वृक्षारोपणाचा तुमचा मुद्दा येथेही जसाच्या तसा लागू होतो. प्रेसिडिओ हा १७७६ मध्ये स्पॅनिश लोकांनी वसवलेला तळ; पुढे तो अमेरिकी लष्कराकडे गेला आणि १९९४ पर्यंत त्यांच्याचकडे होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लष्कराने तेथल्या गवताळ, वाळूच्या आणि खडकाळ टेकड्यांवर निलगिरी, पाइन आणि सायप्रसची शिस्तबद्ध लागवड केली. आज तेथे फिरायला येणाऱ्या माणसाला ते दाट वन पुरातन वाटते. मॅन्झनिटाला सावली मानवत नाही, त्यामुळे त्याच्या दृष्टीने ही झाडी म्हणजे अतिक्रमणच आहे. माउंट डेव्हिडसनवरही हाच प्रकार. आता तेथली निलगिरी तोडून मूळ झुडपे परत आणावीत असे म्हटले, की शेजारचे रहिवासी खवळून उठतात, कारण त्यांच्या तीन पिढ्यांनी तेथे निलगिरीच पाहिलेली आहे. झाड तोडणारा निसर्गशत्रू आणि झाड लावणारा निसर्गमित्र, हे समीकरण दोन्ही देशांत सारखेच घट्ट आहे.

---

भुंगा | रविवार, सकाळी ८:२०

फुलाला दिलेली सुगडाची उपमा फार नेमकी आहे, आणि त्या आकारामागे एक गंमत आहे. मॅन्झनिटाच्या परागकोशांना तोंडाशी केवळ बारीक छिद्रे असतात. नुसता स्पर्श झाल्याने पराग बाहेर पडत नाहीत. भ्रमर जातीची मोठी माशी फुलाला लटकते, पंख न हलवता छातीचे स्नायू विशिष्ट वेगाने थरथरवते, आणि त्या गुंजनाने पराग मिठाच्या डबीतून मीठ सांडावे तसे तिच्या अंगावर झडतात. आपल्याकडे वांगी आणि टोमॅटो यांच्या फुलांत हेच घडते. पाळीव मधमाशीला ही कला अवगत नाही.

हे सांगण्याचे कारण असे, की रस्त्याच्या दुभाजकावर एकट्या उभ्या असलेल्या झुडपाला साठ वर्षांत किती भ्रमर भेटले असतील आणि भेटले तरी त्यांच्या अंगावर त्याच जातीच्या दुसऱ्या झाडाचे पराग कोठून असणार? झुडूप जिवंत होते, फुलतही असेल, तरी वंशवृद्धीच्या दृष्टीने ते विझलेलेच होते. म्हणून स्थलांतरानंतर त्याच्या फांद्यांपासून रोपे करून ती वेगवेगळ्या वनस्पती उद्यानांत वाढवणे आणि लॉरेल हिलच्या वंशातली रोपे त्याच्या शेजारी आणून लावणे हे मला क्रेनच्या दृश्यापेक्षा जास्त महत्त्वाचे वाटते. तेथे कॅमेरे गेले नाहीत, हा भाग वेगळा.

---

काळी_माती | रविवार, सकाळी ११:५५

माझी सासवडजवळ छोटी रोपवाटिका आहे, त्यामुळे साडेनऊ टनांच्या गड्ड्याविषयी दोन शब्द.

जुनी फळझाडे हलवताना आम्ही आधी वर्षभर मुळांभोवती टप्प्याटप्प्याने चर खणतो, म्हणजे आतल्या बाजूला नवी तंतुमुळे फुटतात, आणि मग गोणपाटात गड्डा बांधून झाड उचलतो. येथे ऑक्टोबर ते जानेवारी इतकाच अवधी मिळाला, तेव्हा गड्डा मोठा ठेवण्यावाचून पर्याय नव्हता. दुसरे कारण बुरशीचे. मॅन्झनिटाच्या मुळांशी विशिष्ट बुरशी सहजीवनात राहते आणि त्या निकस मातीतून अन्न मिळवण्याचे निम्मे काम तीच करते. मुळे धुऊन झाड नेले असते तर झाड गेले असते आणि त्याचा संसार मागे राहिला असता.

परंतु बुरशी मित्र असते तशी शत्रूही असते. फायटोफ्थोरा हे नाव डाळिंब, संत्रा किंवा पानमळा करणाऱ्या कुणालाही नव्याने सांगायला नको. संत्र्याचा डिंक्या आणि पानवेलीची मर याच गटातल्या रोगकारकांमुळे होते. (शास्त्रज्ञ तिला खरी बुरशी मानत नाहीत, पण शेतकऱ्याला त्याने काय फरक पडतो!) कॅलिफोर्नियात याच गटातल्या जातींनी मॅन्झनिटाच्या अन्य दुर्मीळ जातींना ग्रासले आहे, आणि पुनर्रोपणासाठी वाढवलेल्या रोपांच्या कुंड्यांतूनच हा रोग रानात पोचल्याची उदाहरणे तेथे आढळली आहेत. वाचवायला निघालेल्या माणसाच्या कुंडीतून मरण पोचावे, यासारखे दुर्दैव नाही.

काही वर्षांपूर्वी मी स्वतः एका ठिकाणाहून आणलेल्या कलमांबरोबर मूळकुज आणली आणि एका पावसाळ्यात चारशे रोपे जाळून टाकावी लागली. तेव्हापासून बाहेरची मातीची कुंडी मी कुंपणाच्या आत येऊ देत नाही. दुर्मीळ वनस्पतीची रोपे ‘लोकांना वाटून’ ती वाचवण्याच्या उत्साही योजना वाचल्या की मला हीच धास्ती वाटते.

---

वाटाड्या | रविवार, सायंकाळी ५:३०

झुडपाची नवी जागा गुप्त ठेवली, हे मला सर्वांत शहाणपणाचे वाटले. आम्ही जुन्नर परिसरात भटकणारे लोक. शिवनेरीच्या कड्यांवर शिंदळ माकुडी फुलते. डाल्झेल यांनी एकोणिसाव्या शतकात जगासमोर आणलेली ही वनस्पती महाराष्ट्राबाहेर कोठेही आढळत नाही. पूर्वी तिची जागा गुरे राखणाऱ्यांना आणि चार अभ्यासकांना ठाऊक असे. आता कुणीतरी छायाचित्र टाकतो, त्याखाली नकाशातले ठिकाण चिकटवतो, आणि पुढच्या रविवारी तेथे वीस जण कड्याला लोंबकळत असतात. त्यांपैकी एकाला तरी ती कुंडीत लावून पाहण्याचा मोह होतोच.

---

शंकासुर | रविवार, रात्री ८:१५

वाटाड्या, गुप्ततेची दुसरी बाजूही पाहावी. डॉयल ड्राइव्हवरचे झुडूप साठ वर्षे गुप्तच होते आणि त्याच गुप्ततेमुळे ते रस्त्याच्या कामात चिरडले जाण्याच्या बेतात होते. ज्याच्या अस्तित्वाची नोंद नाही त्याच्या बाजूने सुनावणीला कुणी उभे राहू शकत नाही. सड्यावर खाण मंजूर होताना ‘येथे विशेष जैवविविधता आढळली नाही’ असा अहवाल उन्हाळ्यात तयार होतो, तेव्हा तुमची गुप्त ठिकाणे कुणाच्या कामी येणार? नोंद हवी, जाहिरात नको, असे फार तर म्हणता येईल.

खाडीपल्याड यांचे जनुकांच्या थैलीविषयीचे उत्तर मी मान्य करतो. रोपवाटिकेचा माझा मुद्दा मागे घेतो. खर्चाचा अजून घेत नाही.

---

वाटाड्या | रविवार, रात्री ८:४०

नोंदीचे मान्य. तहसील कचेरीत असावी, इन्स्टाग्रामवर नसावी.

---

मावळतीकर | सोमवार, दुपारी ३:०५

दफनभूमी आणि देवराई यांची तुलना धागाकर्तीने सुचवून सोडून दिली आहे. मला ती थोडी ताणून पाहावीशी वाटते. मुळशी आणि वेल्हे भागातल्या काही देवराया मी लहानपणापासून पाहत आलो आहे. तेथे काडीही तोडायची नाही असा दंडक असे, कारण रान देवाचे. राखणारी माणसे वनस्पतिशास्त्र जाणत नव्हती आणि लॉरेल हिलच्या विश्वस्तांनाही मॅन्झनिटाशी काही देणेघेणे नव्हते. दोन्हीकडे वनस्पती वाचली ती वेगळ्याच कारणासाठी घातलेल्या कुंपणामुळे.

आणि दोन्हीकडे तिचा घात झाला तोही त्या कुंपणाचा अर्थ बदलल्यामुळे. दफनभूमी ओसाड झाली, मृतांचे वारस पांगले, आणि मोक्याच्या जागी पडून असलेली जमीन शहराच्या डोळ्यांत खुपू लागली. देवराईत देव अजून आहे, भक्तीही वाढलीच आहे, परंतु लहानशा दगडी ठाण्याच्या जागी सिमेंटचे मंदिर, त्यापुढे सभामंडप, त्याकरिता रस्ता आणि गाड्या उभ्या करायला जागा हवी असते. जीर्णोद्धारासाठी देवराईतलीच झाडे विकल्याची उदाहरणे आपल्याकडे घडली आहेत. अमेरिकेत देवस्थान उठले म्हणून रान गेले, आपल्याकडे देवस्थान वाढले म्हणून जाते.

धागाकर्तीच्या मूळ प्रश्नाविषयी : माझ्या मते वाचला तो केवळ जनुकांचा ठेवा. तो मौल्यवान आहे, परंतु त्याला अधिवास म्हणता येणार नाही.

---

खाडीपल्याड | सोमवार, रात्री १०:२०

मावळतीकर, आपल्या शेवटच्या वाक्याशी मी निम्मीच सहमत आहे. २०१२ च्या त्या दर्जासाठी ‘वाइल्ड इक्विटी इन्स्टिट्यूट’सारख्या संस्थांनी शोधानंतर लगेच अर्ज केला आणि पाठपुरावा केला. त्या दर्जाचे खरे फळ मला २३० एकरांत दिसते. प्रेसिडिओचे काही खडकाळ उतार, कोरोना हाइट्स, माउंट डेव्हिडसन, बेव्ह्यू पार्क, मॅक्लारेन पार्क, असे शहरभर विखुरलेले कातळाचे तुकडे या एका झुडपाच्या निमित्ताने कागदावर आले. त्यांपैकी बहुतेक ठिकाणी आज एकही मॅन्झनिटा नाही. जेथे वनस्पती नाही ती जागासुद्धा तिच्या भविष्यासाठी राखावी लागते, हे कायद्याने मान्य केले. सडेकरांच्या ‘पोटखराब्या’ला नेमके उलट उत्तर मला येथे दिसते.

अर्थात हे तुकडे म्हणजे सलग अधिवास नव्हे. मॅन्झनिटाच्या बियांचे कवच कठीण असते आणि वणव्याची धग, धूर व कोळसा यांनी जाग आल्याशिवाय अनेक जातींच्या बिया रुजत नाहीत. फ्रान्सिस्कन मॅन्झनिटाला तर जळाल्यानंतर बुंध्यातून पुन्हा फुटण्याचीही सोय नाही. झाड मरते आणि मागे राहिलेल्या बियांतून नवी पिढी येते. आता आठ लाखांच्या शहरात, लाकडी घरांच्या वस्तीला लागून, वणवा पेटवणार कोण? त्यामुळे धुराचे पाणी वापरून बी रोपवाटिकेत रुजवावे लागते आणि रोप नेऊन लावावे लागते. यापुढे ही वनस्पती कायम माणसाच्या हातावरच अवलंबून राहील, असे मला वाटते.

---

सडेकर | सोमवार, रात्री ११:००

वणव्याचा हा भाग कृपया कुणी सह्याद्रीला जोडू नये. आपल्याकडे मार्चमध्ये डोंगरांना लावलेल्या आगी माणसांनी लावलेल्या असतात आणि त्यांत कोवळी रोपे, घरटी, सरडे सगळेच जळते. कॅलिफोर्नियातल्या झुडपाचे जीवनचक्र सांगून येथल्या वणव्याचे समर्थन करणारा एक महाभाग मला गेल्याच वर्षी भेटला होता.

---

गणेशखिंड | मंगळवार, सकाळी ९:३५

झुडपांचाच विषय आहे तर आपल्या एका झुडपाचे नाव येथे असायला हवे. सोनघंटा, म्हणजे अ‍ॅब्युटिलॉन रानडेई. आपण लहानपणी जिच्या चक्राकार फळांनी शिक्के उठवत असू त्या मुद्रेच्या, अर्थात पेटारीच्या, गणातली ही जात. सह्याद्रीच्या मोजक्या घाटांत आणि कड्यांवर ती आढळते आणि नावाप्रमाणे तिची फुले घंटेसारखी लोंबतात. अंबा घाटातल्या नमुन्यांवरून वुड्रो आणि स्टाफ यांनी १८९४ साली तिचे वर्णन केले आणि ती गोळा करणाऱ्या रानडे या मराठी संग्राहकाचे नाव तिला दिले. पुण्याच्या सायन्स कॉलेजात शिकवणारे हे वुड्रो गणेशखिंडीतल्या वनस्पती उद्यानाचेही काम पाहत असत.

कास पठाराला सुट्टीच्या दिवशी हजारो माणसे जातात आणि जाण्याआधी ऑनलाइन नोंदणी करतात. सोनघंटेचे नाव मात्र घाटातून रोज बस नेणाऱ्या चालकालाही ठाऊक नसते. घाटरस्त्यांचे रुंदीकरण करताना दरड कापली जाते तेव्हा त्या दरडीवर काय वाढत होते हे पाहायला धावत्या गाडीतून एखादा ग्लूसेनकॅम्प जात असेलच, असा भरवसा धरता येत नाही.

---

शंकासुर | मंगळवार, दुपारी १:१५

गणेशखिंड यांच्या या प्रतिसादानंतर माझी खर्चाविषयीची हरकत थोडी ढिली झाली आहे. दोन लाख डॉलर एका झुडपावर खर्च झाले म्हणून तेथल्या रस्तेबांधणी खात्याला पुढच्या वेळी खणण्यापूर्वी पाहणी करणे स्वस्त वाटेल, असा या खर्चाचा एक उपयोग मानता येईल. आपल्याकडे पाहणी न करणे आजही फुकट पडते.

जाता जाता एक प्रश्न. ते कोल्मा गाव म्हणजे जेथे जिवंतांपेक्षा मृत कितीतरी अधिक आहेत, तेच ना?

---

खाडीपल्याड | मंगळवार, रात्री ९:५०

तेच. दीड-एक हजार रहिवासी आणि सुमारे १५ लाख मृत. ज्या थडग्यांचे वारस पुढे आले नाहीत त्यांचे संगमरवर शहराने समुद्रभिंतीसाठी आणि बागांमधल्या गटारांसाठी वापरले; ब्युएना व्हिस्टा पार्कमध्ये पावसाळी पन्हळीत आजही एखाद्या दगडावर अर्धवट नाव वाचता येते. मॅन्झनिटा निदान टिल्डनला तरी पोचला.

ज्यांनी व्यक्तिगत निरोपात विचारले त्यांच्यासाठी : प्रेसिडिओतले मूळ झुडूप पाहता येत नाही आणि त्याचा शोधही घेऊ नये. टिल्डनच्या उद्यानात प्रवेशशुल्क नाही. जानेवारीच्या अखेरीपासून मार्चपर्यंत केव्हाही जावे, सकाळी धुके असताना गेल्यास उत्तम. मॅन्झनिटाच्या विभागात अनेक जाती शेजारी-शेजारी आहेत, तेव्हा पाटी वाचूनच ओळख पटवावी. आणि काळी_माती यांचा प्रतिसाद लक्षात ठेवून, आत शिरण्यापूर्वी बुटांची माती झटकावी.